रकाना क्रमांक सात

ऊर्वेच्या स्वयंपाकघरात, रात्री अकराला,
आमचं पंचक बसलंय एका लॅपटॉपभोवती.
पंचक म्हणजे आज चौघंच,
बासूनवाला हेल्दुर फेरीबोटीच्या पाळीवर आहे.
बेटावर बर्फ, खिडकीच्या कडेला बर्फ,
आणि निधीचं दार बाराला बंद.

पहिला रकाना सोपा, नाव.
दुसऱ्यात आम्ही कोण ते शंभर शब्दांत:
एक शाळामास्तर, एक मासळी डब्यात भरणारी,
एक निवृत्त परिचारिका, एक खलाशी
आणि मी, लोकरीच्या गिरणीतला कारकून,
म्हणून अर्ज माझ्या गळ्यात.

चौथ्यात परिणाम विचारलाय, मोजता येईल असा.
‘गेल्या खेपेला तिघी रडल्या होत्या,’ माइमू म्हणते,
‘त्यातली एक माझी बहीण.
नातेवाईक धरतात का?’

गेल्या साली नकार आला होता.
अर्ज दर्जेदार, परंतु.
त्या ‘परंतु’च्या पाठकोऱ्या बाजूवर
ऊर्वेनं दुसरा भाग लिहिला,
उजेडापाशी धरला तर अजून दिसतो
शिक्का, मंद सुरावटीच्या मागे.

सातव्याशी घोडं अडलं.
खर्च, बाबवार.
‘रचनेचा मेहनताना?’ मी विचारतो.
ती बटाटे सोलतेय. अकरा महिने लिहितेय ती हे.
‘लिही काहीतरी.’
‘तास सांग.’
‘हा तीव्र मध्यम बटाटे सोलताना सुचला.
त्याचे बटाट्यांना दे.’

ओबोच्या पत्त्या, सहा.
पेट्रोल. सभागृह. स्वरलेखनाच्या छपाईची शाई.
हान्नोचा पुढचा दात, जो त्यानं बसवला नाही
कारण बासरी दुरुस्तीला गेली होती,
हा कुठल्या बाबीत?
पदरमोडीला रकाना नाही.
असता तर आमचं पान त्यानंच भरलं असतं.

मग तिसरा भाग, अगदी शेवटी:
फेरीबोटीचा भोंगा, एकदाच.
कप्तान एंद्रिक म्हणालाय, फुकट वाजवीन.
मी शून्य भरतो.
लाल अक्षरं येतात: कृपया रक्कम भरा.
पुन्हा शून्य. पुन्हा लाल.
अकरा त्रेपन्न.
‘एक यूरो टाक,’ माइमू ओरडते, ‘टाक ना एक!’
टाकला.
अकरा छप्पनला ते चक्र फिरायला लागलं
आणि आम्ही बटाटे खाल्ले, गार झालेले.

एप्रिलात पत्र आलं.
मागितले नऊ हजार दोनशे एक,
मिळाले तीन हजार शंभर आणि एक.
मेहनताना काटलेला, सभागृह काटलेलं,
पत्त्या निम्म्या.
भोंगा तेवढा पूर्ण मंजूर.

ऊर्वे इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.
मग उठून तिनं सभागृहावर काट मारली
आणि बाजूला लिहिलं: धक्का.

मेमध्ये धक्क्यावर वाजवलं आम्ही.
कागदांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावून.
वारा बासरीच्या आधीच फुंकून जायचा.
तिसऱ्या भागाच्या शेवटी तिनं हात वर नेला,
आम्ही तो स्वर धरला,
आणि भोंगा आला नाही.
लाकडाचा एक ट्रक उतरायचा राहिला होता.
हान्नोचा चेहरा जांभळा,
माझ्या जिभेखाली पत्ती ओली,
हेल्दुर मान वळवून स्वतःच्याच बोटीकडे बघतोय,
ऊर्वेचा हात वरच. खाली येईना.

मग आला.
पायाखालच्या फळ्यांमधून आला, आधी पोटऱ्यांत.
त्यात आम्ही होतो की नव्हतो, सांगता येत नाही.

आता अंतिम अहवाल.
श्रोते: एक्केचाळीस. कुत्रा धरला नाही.
सामुद्रधुनीपलीकडे कुणी पडदा सारला असेल,
त्यांचा आकडा मला माहीत नाही
आणि रकाना आकडेच घेतो.
भोंग्याची पावती जोडा, असंही म्हटलंय.
एंद्रिकनं तिकिटाच्या मागे लिहून दिली,
सही वाकडी, तारीख बरोबर:
एक यूरो मिळाला.
वाजवला.